सानिकाचा नंबर

"सानिका आसाराम," अशी हाक आली की कालिंदा मांडीवरचं लेकरू सावरायची आणि म्हणायची, "हाय."

मांडीवरचं लेकरू सानिका नव्हतं. सानिका होळीच्या आधीच गेली होती. मांडीवर असायची ती धाकट्या जावेची, शिवकन्येची पोरगी कार्तिकी. सानिकाहून आठवडाभराने लहान, तसंच बसकं नाक, तसंच काजळाने बरबटलेलं कपाळ. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त बीडहून जीपने येणाऱ्या औषधवाल्यांना, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आमची गावं आपसात कितीही भांडोत, बाहेरच्या माणसापुढे त्यांना एकच तोंड असतं, आणि तेही मिटलेलं.

साल दुष्काळाचं होतं, बारा-तेराचं. खरीप करपलं, रब्बी कुणी पेरलीच नाही. मांजरसुंब्यापासून आत, माळावर, गावच्या दूध सोसायटीने चारा छावणी उघडली होती आणि निम्मं गाव जनावरांमागे तिथेच राहायला गेलं होतं. प्रत्येक दावणीपुढे बाज, चूल, पाण्याचं पिंप. आसाराम कोयता घेऊन कर्नाटकात ऊस तोडायला गेला होता. कालिंदा ओली बाळंतीण म्हणून मागे राहिली, सासूच्या आणि तीन जनावरांच्या सोबतीला. धाकट्या दिराचं बिऱ्हाडही शेजारच्याच दावणीला होतं.

औषधवाले आले ते त्याच सुमाराला. लेकरांना हगवण लागते तिच्यावरचं तोंडातून द्यायचं औषध त्यांनी आणलं होतं. ते बाधत तर नाही ना, आणि त्याने लेकराच्या अंगात त्या रोगाशी झुंजायची ताकद येते की नाही, हे त्यांना तपासायचं होतं. तीन वेळा थेंब पाजायचे, पहिल्या थेंबांआधी आणि शेवटच्यानंतर महिनाभराने थोडं रक्त घ्यायचं, आणि मध्ये दर आठवड्याला येऊन लेकरू कसं आहे ते विचारायचं. निम्म्या लेकरांना खरं औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं नुसतं पाणी. कुणाला काय मिळालं हे पाजणाऱ्या डॉक्टरणीलाही ठाऊक नसणार. हे ऐकून छावणीचा कारभारी धुळाजी म्हणाला होता की हे तर आपल्या सोसायटीच्या निवडणुकीसारखंच झालं, पेटी फुटेपर्यंत कोण कुणाचं ते देवालाही कळत नाही.

बसायला त्यांना सोसायटीचं दूध संकलनाचं खोपट मिळालं. दूधच नव्हतं, तर खोपट रिकामंच होतं. जिथे दुधाचं फॅट काढायचं यंत्र होतं त्याच टेबलावर त्यांनी रक्त फिरवायचं यंत्र मांडलं. आता लेकरांचं फॅट काढतेत, असं म्हणून पोरंटोरं हसली. बाया मात्र आल्या. थेंबांपेक्षा त्यांना दुसरीच गोष्ट मोलाची वाटली होती. नंबर मिळालेल्या लेकराला हगवण लागली की फोन करायचा, आणि जीप दारात. बीडच्या दवाखान्यापर्यंत नेणार, आणणार. ज्या माळावर टँकरची वाट बघत दिवस जात होते तिथे दारात जीप येणं म्हणजे केवढी गोष्ट. शिवकन्या बाळंतपणाला माहेरी होती, ती परत येईतो नंबर संपले होते. म्हणून आसारामच्या, म्हणजे खाड्यांच्या घरात नंबर लागला तो एकट्या सानिकाचा.

एकच अट होती. थेंब पुरे होईपर्यंत न सांगता गाव सोडायचं नाही. कालिंदाने मान डोलावली होती.

आणि दुसऱ्या थेंबांनंतर थोड्याच दिवसांनी कडा गावाकडच्या तिच्या माहेराहून निरोप आला की बाप अंथरुणाला खिळलाय, तोंड बघून जा. बाप म्हटल्यावर कुणाला धीर धरवतो? सांगायला गेलं तर नको म्हणतील, म्हणून ती न सांगताच गेली. दोन दिवसांत परत यायचं होतं. दुसऱ्या दिवशी सानिकाला हगवण लागली.

नंबर कालिंदाच्या मोबाइलमध्ये होता. तिने तो काढला, बघितला आणि ठेवून दिला. न सांगता आलोय, हे कळलं तर नाव काढून टाकतील, मग पुढे खरंच गरज पडली तर? तिची आई म्हणाली, उन्हाचं हाय, साखर-मीठ घाल, उतरंल. दुपारपर्यंत लेकराने अंगावर घ्यायचं सोडलं. मग कड्याच्या दवाखान्यात न्यायला भावाने कुणाची तरी जीप आणली, आणि कडा अजून पुढेच होतं तेव्हा कालिंदाच्या लक्षात आलं की आपण मघापासून एकटीच बोलतोय.

तान्ह्या लेकराचं आमच्याकडे काही करत नाहीत. जाळत नाहीत, पुरतात. दहावं नाही, तेरावं नाही, भेटायला माणसं येत नाहीत. दातही न आलेल्या जिवाचं सुतक ते काय धरायचं, असं म्हणतात. आसाराम आला, एक रात्र राहिला, "व्हईल पुन्यांदा," म्हणाला आणि टोळीवर परतला. त्याच्या पोटात काय होतं ते त्यालाच ठाऊक. बाप्यांना रडायची सोय नसते. सासूने, छबुबाईने, झबली, टोपडं, कुंची, सगळं गाठोड्यात बांधलं आणि कालिंदाला बजावलं की आता तिचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की जीव घुटमळतो, पुढच्या पोटाला आडवा येतो. म्हातारी बोलायला कोरडी होती, उभ्या आयुष्यात तिने सुनांना जवळ घेतलं नव्हतं. पण त्या दिवशी ते गाठोडं बांधताना तिला गाठ बसेना, हे कालिंदाने पाहिलं होतं.

कालिंदाचं दूध मात्र कुणी बांधून ठेवू शकलं नाही. छाती दगड झाली, ताप भरला. तिकडे शिवकन्येला दूध पुरत नव्हतं. मग कुणी काही न बोलता एका दुपारी शिवकन्येने कार्तिकी आणून तिच्या पुढ्यात ठेवली. कालिंदाने तिला पदराखाली घेतलं आणि त्या दिवसापासून ती पोर दोन आयांची झाली.

तिसऱ्या थेंबांचा दिवस आला तेव्हा नंबराचं छबुबाईने काढलं.

तिच्या हिशोबात चूक काहीच नव्हती. या मुलखात नंबर कधी मरत नाही. कारखान्याचा सभासद मेला तर त्याचा शेअर पोराच्या नावावर चढतो. दूध सोसायटीत आज्याचा नंबर नातू चालवतो. छावणीत तर रोजचंच होतं. बैल मेला की धुळाजी त्याच्या गळ्यातला बिल्ला सोडायचा आणि त्याच घरच्या दुसऱ्या जनावराच्या गळ्यात बांधायचा. चारा बिल्ल्यावर मिळतो, बैलावर नाही. मग सानिकाचा नंबर वाया का घालवायचा? घरात दुसरं लेकरू आहे, पाणी हे असं आहे, हगवणीचे दिवस आहेत. कार्तिकीला नंबरावर बसवली की जीप तिच्यासाठी येईल. गावातही हे कुणाला वावगं वाटलं नाही. उलट म्हातारीचं डोकं चालतं असंच जो तो म्हणाला.

खरं सांगायचं नाही याला छबुबाईकडे आणखी एक कारण होतं. तिने ऐकलं होतं की औषधाच्या लोकांना मेलेलं लेकरू कळलं की ते उकरून काढतात आणि चिरून बघतात. कुठून ऐकलं, ते विचारू नये. असल्या गोष्टींना बाप नसतो, पण त्यांना पाय असतात.

आधी येणारी नर्स लग्न होऊन गेली होती आणि मधले आठवडे विचारपूस बंदच होती. तिच्या जागी सुरैया आली, बीडच्या दिलावर मिस्त्रीची पोरगी, विशीतली, बारीक अंगाची आणि खणखणीत आवाजाची. तिने सानिकाला कधी पाहिलंच नव्हतं. खोपटाच्या दारात उभी राहून ती एकेक नाव पुकारायची आणि लिंबाखालून बाया "हाय" म्हणून उठायच्या.

"सानिका आसाराम."

कालिंदाच्या अंगावर काटा आला. महिनाभरात ते नाव तिने कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. रात्री गोधडीत तोंड खुपसून तिनेच कधी म्हटलं असेल तेवढंच. आणि इथे भर दुपारी, चारचौघांत, ही परकी पोरगी खुशाल मोठ्याने हाक मारते आहे, जणू सानिका इथेच कुठेतरी आहे आणि बोलावल्यावर येईल. तिने "हाय" म्हटलं आणि पुढे गेली. कार्तिकीने थेंब मिटक्या मारत गिळले. परत येताना कालिंदाला वाटलं की अजून एकदा हाक मारली तर बरं होईल.

त्यानंतर ती दर आठवड्याची वाट बघायला लागली. सुरैया दावणीशी यायची, सानिकाला ताप आला का, सानिकाने उलटी केली का, सानिका नीट पिते का, असं विचारायची. कालिंदा सगळ्याला बरोबर उत्तरं द्यायची, कधी कधी लांबवायची. सानिका आता हसायला लागली, असं म्हणायची. सानिका मूठ तोंडात घालती. छबुबाई बाजेवर बसून ऐकायची आणि तिच्या कपाळाला आठी पडायची, कारण हे ठरल्यापेक्षा जास्त होत होतं. पण सुनेचा चेहरा त्या वेळेपुरता उजळतो हे तिलाही दिसत असणार. ती काही बोलली नाही.

बोलली ती शिवकन्या. एकदा सुरैया गेल्यावर तिने कार्तिकीला कालिंदाच्या हातातून घेतलं आणि छातीशी धरून उभी राहिली.

"बाई, दूध पाजा, आंघोळ घाला, माझं काय बी म्हननं न्हाई," ती म्हणाली. "पर माझ्या लेकराला मेलेल्याच्या नावानं हाक मारू नका. मला भ्या वाटतं."

कालिंदाला राग आला नाही. तिच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हटलं असतं, हे तिला कळत होतं. रक्त द्यायचा दिवस तेवढा राहिलाय, मग संपलंच, असं छबुबाईने धाकटीला समजावलं. कालिंदालाही तेव्हाच उमगलं की मग संपलंच.

रक्ताच्या दिवशी ऊन असं होतं की लिंबाखालची सावलीही तापली होती. शिवकन्या आलीच नाही. लेकराला सुई टोचताना बघवणार नाही म्हणाली. छबुबाई दाराशी बसली. आत डॉक्टरीणबाईंनी कार्तिकीच्या इवल्याशा दंडाला रबर बांधलं, शीर शोधायला बोट फिरवलं, आणि पोरीने टाहो फोडला. सुरैया तिच्या तोंडासमोर खुळखुळा हलवत होती.

"बस्स, सानिका, झालंच," ती लाडाने म्हणाली. "लई गुणाची हाय आमची सानिका. थेंब घेतल्यापासून एकदा बी हगवण न्हाई, एकदा बी आजारी न्हाई. तुझ्यासारख्याच पोरी बघून हे औषध गावोगाव देतील, समजलं का?"

कालिंदाच्या कानात ते शिरलं आणि तिथेच अडकून बसलं. एकदाही हगवण नाही. एकदाही आजारी नाही. म्हणजे त्या जीपमध्ये, त्या उन्हात, जे झालं ते झालंच नव्हतं. तिची पोर हगवणीने सुकून मेली आणि या लोकांच्या लेखी ती खुशाल होती, मूठ तोंडात घालत होती, आणि तिच्या खुशालीवर विसंबून ते उद्या दुसऱ्यांच्या लेकरांना थेंब पाजणार होते. एवढे दिवस आपण हाक ऐकायला येत होतो आणि त्या प्रत्येक "हाय"ने आपणच सानिकाचं मरण पुसत होतो. गावाने तिचं मरण पाळलं नाही ते नाहीच, वर आईनेही पाळलं नाही.

तिने डॉक्टरीणबाईंचा हात धरला.

"सुई मारू नका, म्याडम," ती म्हणाली. "ही सानिका न्हाई. सानिका गेली. हगवणीनं गेली."

डॉक्टरीणबाईंनी सुई बाजूला ठेवली, रबर सोडलं. दाराशी छबुबाई उठली, पदर झटकून छावणीकडे चालू लागली. आता ही म्हातारी आपल्याशी जन्मभर बोलणार नाही आणि शिवकन्येच्या पोरीची जीपही आपणच घालवली, असं कालिंदाला वाटलं. तरी तिला बोललेलं परत घ्यावंसं वाटलं नाही.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. त्यांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. कार्तिकीला पहिले दोन न घेता एकदम तिसऱ्याच वेळचे थेंब गेलेत, तिला ते बाधले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता, हे त्यांनी सांगितलं. तिचं रक्त आता हिशोबात धरता येणार नाही. पण थेंब तिच्या पोटात आमच्या हातून गेलेत, तेव्हा तिच्यावर लक्ष आम्हीच ठेवणार, काही झालं तर जीप तिलाही येईल, हेही त्या म्हणाल्या. आणि सानिकाबद्दल कुणीतरी घरी येऊन सगळं विचारील. उकरायचं-चिरायचं काही नसतं, फक्त विचारायचं असतं.

दुसऱ्या दिवशी सुरैयाच आली. बाजेवर न बसता ती कालिंदाशेजारी जमिनीवर बसली. रात्रभर झोपली नसावी, डोळे सुजले होते.

"ताई, मी तिला बघितलंच न्हाई," ती म्हणाली. "आणि एवढे दिवस तिचं नाव घेत ऱ्हायले."

मग तिने विचारायला सुरुवात केली. हगवण कधी लागली? उलटी झाली का? रडताना डोळ्यांत पाणी होतं का? टाळू आत गेली होती का? शेवटचं दूध कधी घेतलं? कालिंदा सांगत गेली. डोळ्यांत पाणी नव्हतं, ती कोरडीच रडायची. टाळू एवढी आत गेलती की बोट बसलं असतं. शेवटचं दूध भावाची जीप यायच्या आधी, दोन घोट, आणि मग माझ्याकडं बघितलं. फोन हातात होता ते तिने सांगितलं, का केला नाही तेही सांगितलं. बोलता बोलता ती रडू लागली, तशीच सांगत राहिली. लेकरू गेल्यापासून तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. सुतक नाही म्हणून कुणी दारात आलं नव्हतं, आणि आज ही परक्या जातीची, परक्या गावची पोरगी एकेक घटका विचारून घेत होती. एक प्रश्न तिनेही विचारला, सानिकाला औषध होतं की पाणी. सुरैयाने मान हलवली. ते तिलाही माहीत नव्हतं, सगळं संपल्यावर कळवणार होते.

छबुबाई दावणीपलीकडे जनावरांना पाणी दाखवत होती. कालपासून तिने सुनेशी तोंड उघडलं नव्हतं. बादली रिकामी झाली तरी ती तिथेच उभी होती. सुरैया उठायला लागली तशी ती आली आणि बाजेचा पाय धरून खाली बसली.

"सगळ्यांचं इचारता का तुमी?" तिने विचारलं. "का निस्तं थेंबवाल्या लेकरांचं?"

सुरैया उठता उठता थांबली. "कुणाचं, आजी?"

"बहात्तरच्या दुष्काळात आमी मांजरसुंब्याच्या अलीकडं खडी फोडायला व्हतो," छबुबाई म्हणाली. "सडकंच्या कडंला झोळी बांधलेली. तिला बी अशीच हगवण लागली. मुकादम म्हनला, पाटी टाकून गेलीस तर हजेरी जाईल. म्या पाटी टाकली न्हाई. सांच्याला झोळीत बघितलं. तितंच सडकंच्या कडंला ठिवली. आता सडक रुंद झाली, वरून टरका जात्यात."

कालिंदा सासूकडे बघत राहिली. मांजरसुंब्यावरून जाताना दर वेळी म्हातारी जीपमधून हात जोडायची, आणि सगळे समजायचे की नारायणगडाच्या देवाला जोडते आहे.

"आसारामच्या बी आदीची ती," छबुबाई म्हणाली. "कुनी इचारलं न्हाई. म्या बी सांगितलं न्हाई."

सुरैयाकडे बहात्तर सालचं विचारायला काही नव्हतं. ती परत खाली बसली.

"नाव काय होतं, आजी?"

"नाव ठिवायचं ऱ्हाऊनच गेलं." छबुबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "म्या तुळजा म्हनायची. मनात."

"तुळजा," सुरैया म्हणाली. तिची सवयच तशी, नाव घेतलं की आवाज आपोआप मोठा व्हायचा. पलीकडच्या दावणीच्या बायांनी माना वळवून बघितलं.

म्हातारी दचकली. चाळीस वर्षांत ते नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडातून निघालं नव्हतं. तिने मान वर केली आणि लिंबाखाली बसलेल्या लेकुरवाळीसारखी म्हणाली, "हाय."

कालिंदाने सरकून तिचा हात धरला, आणि छबुबाईने तो सोडवून घेतला नाही. चाऱ्याचा ट्रॅक्टर आला तशी जनावरं हंबरायला लागली. धुळाजी बिल्ल्यांचे नंबर पुकारू लागला, पण खाड्यांच्या दावणीवरून बराच वेळ कुणी उठलं नाही.